कमांड लाइनवरून व्हर्च्युअल मशीन: चालवणं सोपं, डिस्कची फाइल सांभाळणं महत्त्वाचं

बटणं दाबून व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरच्या आत उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चालवणारी सॉफ्टवेअरं असताना कमांड लाइनच्या वाटेला कशाला जायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण सर्व्हरवर बहुधा बटणं नसतातच. असली तरी त्यांच्यामागे नेमकं काय चालतं, हे काहीतरी बिघडेपर्यंत कळत नाही. शिवाय एकदा लिहून ठेवलेली कमांड उद्याही तेच काम करते.

नवशिक्यांची पंचाईत मशीन सुरू करताना फारशी होत नाही, ती होते डिस्कच्या फाइलवरून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची सगळी डिस्क जिच्यात साठते त्या फाइलवरून. फाइल आपोआप फुगत जाते, जागा वाढवली तरी आत दिसत नाही, जुनी वाटली म्हणून एक फाइल उडवली तर तिच्यावर उभी असलेली सगळी मशीन्स एकदम आडवी होतात. म्हणून या लेखात मशीन चालवण्याबद्दल कमी आणि फाइल सांभाळण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आपण लिनक्सवर क्यूएमू वापरणार आहोत. फाब्रिस बेलार्ड यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. त्याचा जोडीदार केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.२० या आवृत्तीत आला. दोघांची कामं वेगळी आहेत. क्यूएमू आतल्या सिस्टिमला डिस्क, नेटवर्क कार्ड, स्क्रीन अशी खोटी यंत्रसामग्री दाखवतं. केव्हीएम आतल्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालू देतं. केव्हीएम नसेल तर क्यूएमू प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत बसतं आणि मशीन गोगलगायीच्या गतीने चालतं.

कमांड लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. क्यूएमू म्हणजे क्यू-ई-एम-यू, आणि क्यूकाऊ२, म्हणजे आपण डिस्कच्या फाइलसाठी वापरणार तो फॉरमॅट, क्यू-सी-ओ-डब्ल्यू-२. ऑप्शनचं अक्षर कॅपिटल असेल तिथे तसं सांगितलं आहे. ते नीट पाळा, कारण स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांचे अर्थ वेगळे असतात.

काय काय लागेल

- ६४-बिट लिनक्स असलेलं मशीन, प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय (इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एएमडी-व्ही)
- डेबियन किंवा उबुंटूवर क्यूएमू-सिस्टिम-एक्स८६ आणि क्यूएमू-युटिल्स ही पॅकेजेस. फेडोरावर क्यूएमू-केव्हीएम आणि क्यूएमू-आयएमजी
- जी सिस्टिम टाकायची तिची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनच्या सीडीची फाइलरूपातली प्रत), आणि तिचा शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायचा आकडा)
- पुरेशी मोकळी जागा. डिस्क २० जीबीची बनवणार असाल तर आज नाही तरी पुढे कधीतरी २० जीबी लागतील, असं धरून चाला
- पॅकेजेस टाकण्यापुरती सुडो परवानगी (रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूझर म्हणून कमांड चालवण्याची मुभा)

१. केव्हीएम चालू आहे का ते बघा

/डेव्ह/केव्हीएम ही फाइल दिसते का, एवढं पाहिलं की पुरे. नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये ही सोय बंद असते. एएमडीच्या मदरबोर्डवर ती अनेकदा 'एसव्हीएम मोड' या नावाखाली दडलेली असते. तुम्ही आधीच एखाद्या भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर असाल, तर त्या सर्व्हरवाल्याने नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी व्हर्च्युअल मशीन) चालू ठेवलं असेल तरच ही फाइल दिसेल.

फाइल आहे पण परवानगी नाही असा एरर आला, तर स्वतःला केव्हीएम ग्रुपमध्ये घाला:

सुडो यूझरमॉड -एजी केव्हीएम तुमचं-यूझरनेम

यात ए स्मॉल आणि जी कॅपिटल. नंतर लॉगआउट करून पुन्हा आत या, नाहीतर बदल लागू होत नाही. इथे पुष्कळजण कंटाळून क्यूएमूच सुडोने चालवतात. तसं करू नका. नव्या बनणाऱ्या फायली रूटच्या मालकीच्या होतात, आणि आतल्या मशीनमधून कोणी बाहेर निसटलंच तर थेट रूटच्या खुर्चीत येऊन बसतं.

२. डिस्कची फाइल बनवा

क्यूएमू-आयएमजी क्रिएट -एफ क्यूकाऊ२ मूळ.क्यूकाऊ२ २०जी

-एफ द्यायला विसरलात तर रॉ फॉरमॅटची डिस्क बनते, फाइलच्या नावात शेवटी काहीही लिहिलेलं असो. क्यूएमू नावावरून फॉरमॅट ठरवत नाही.

आता या फाइलवर क्यूएमू-आयएमजी इन्फो चालवा. दोन आकडे दिसतील. 'व्हर्च्युअल साइझ' २० जीआयबी म्हणजे २१४७४८३६४८० बाइट, आणि 'डिस्क साइझ' जेमतेम २०० केबीच्या आसपास. पहिला आकडा आतल्या सिस्टिमला दाखवलेला, दुसरा तुमच्या डिस्कवर खरोखर व्यापलेला. या दोघांतला फरक डोक्यात पक्का बसला की पुढचा निम्मा गोंधळ टळतो. क्यूकाऊ२ ही फाइल ६४ केबीच्या तुकड्यांनी वाढते. आतली सिस्टिम जिथे पहिल्यांदा लिहिते, तेवढाच तुकडा बाहेर जागा घेतो.

रॉ फाइल म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, मधे कसलाही हिशेब नाही. ती थोडी वेगवान असते आणि कुठल्याही टूलने वाचता येते, पण तिच्यात स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपलेली स्थिती) ठेवता येत नाहीत. बहुतेक फाइलसिस्टिमवर तीही आधी पोकळच असते, मात्र कॉपी करणाऱ्या टूलला पोकळी सांभाळता येत नसेल तर दुसऱ्या टोकाला पूर्ण २० जीबी होऊन बसते. शिकताना क्यूकाऊ२च घ्या.

३. सिस्टिम इन्स्टॉल करा

आधी आयएसओचा चेकसम शा२५६सम ने तपासा. अर्धवट उतरलेली आयएसओ इन्स्टॉल करताना मध्येच काहीतरी भलताच एरर देते आणि माणूस क्यूएमूत दोष शोधत बसतो. मग:

क्यूएमू-सिस्टिम-एक्स८६_६४ -एनेबल-केव्हीएम -सीपीयू होस्ट -एसएमपी २ -एम २जी \
-ड्राइव्ह फाइल=मूळ.क्यूकाऊ२,फॉरमॅट=क्यूकाऊ२,इफ=व्हर्टिओ \
-सीडीरॉम इन्स्टॉलर.आयएसओ -बूट वन्स=डी \
-एनआयसी यूझर,होस्टएफडब्ल्यूडी=टीसीपी:१२७.०.०.१:२२२२-:२२

कमांड लांबलचक दिसते, पण तिच्यात अवघड असं काही नाही. -एसएमपी म्हणजे प्रोसेसर किती, -एम म्हणजे मेमरी किती. मेमरी दिली नाही तर क्यूएमू १२८ एमबी धरतं, आणि आजचा कुठलाही इन्स्टॉलर तेवढ्यात गुदमरतो. 'वन्स=डी' म्हणजे फक्त पहिल्या वेळी सीडीवरून बूट कर. नुसतं 'डी' लिहिलं तर इन्स्टॉलेशननंतर रीबूट झाल्यावर पुन्हा इन्स्टॉलरच समोर येतो. स्वल्पविरामांनंतर स्पेस टाकू नका, कारण तिथे शेलला वाक्य तुटल्यासारखं वाटतं.

'फॉरमॅट=क्यूकाऊ२' गाळण्याचा मोह होईल, कारण न लिहिताही मशीन चालतं. तरीही लिहा. फॉरमॅट सांगितला नाही तर क्यूएमू फाइलच्या सुरुवातीचे बाइट बघून अंदाज करतं. रॉ डिस्कच्या सुरुवातीला काय लिहायचं हे आतल्या सिस्टिमच्या हातात असतं. तिने तिथे क्यूकाऊ२चं खोटं हेडर लिहिलं आणि त्यात बाहेरच्या एखाद्या फाइलचा पत्ता घातला, तर पुढच्या वेळी ती फाइल आतून वाचता येते. म्हणूनच अंदाजाने रॉ ठरवलेल्या डिस्कवर क्यूएमू इशारा देतं आणि पहिल्या ब्लॉकमध्ये लिहिण्यावर बंधन घालतं.

'इफ=व्हर्टिओ' ने डिस्क वेगवान होते. लिनक्सला हा ड्रायव्हर मुळातच येतो, विंडोजला येत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये एकही डिस्क दिसत नसेल तर घाबरू नका, व्हर्टिओ ड्रायव्हरची वेगळी आयएसओ जोडून तिथूनच ड्रायव्हर लोड करा. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-ऑल्ट-जी.

४. रोजची सुरुवात आणि बंद करणं

इन्स्टॉल झालं की सीडीरॉम आणि बूटचे ऑप्शन काढा आणि उरलेली कमांड शेल स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवा. तुमच्या मशीनचं कॉन्फिगरेशन म्हणजे ही स्क्रिप्ट.

वरच्या नेटवर्कमध्ये आतल्या मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, आणि आतून होस्ट, म्हणजे तुमचं खरं मशीन, १०.०.२.२ वर दिसतो. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. त्यासाठीच २२२२ पोर्टची वाट केली आहे: एसएसएच -पी २२२२ यूझर@लोकलहोस्ट. त्यात १२७.०.०.१ मुद्दाम लिहिलं आहे. ते गाळलं तर पोर्ट नेटवर्कवरच्या सगळ्यांना उघडा राहतो. आणि आतून पिंग जात नाही म्हणून इंटरनेट बंद आहे असं समजू नका. या प्रकारच्या नेटवर्कमध्ये पिंग अनेकदा चालत नाही, वेबपान मात्र उघडतं.

स्क्रीन नको असेल तर -नोग्राफिक द्या. मग टर्मिनलच मशीनचं कन्सोल होतं, मात्र आतल्या कर्नलला 'कन्सोल=टीटीवायएस०' सांगितलेलं हवं, नाहीतर कोरी काळी स्क्रीन बघत बसाल. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. पण हे म्हणजे चालू कॉम्प्युटरची वायर उपटणं. त्याऐवजी कंट्रोल-ए, मग सी दाबून क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये जा आणि सिस्टिम_पॉवरडाउन लिहा. नाहीतर सरळ आतूनच शटडाउन करा.

५. एका फाइलवर एका वेळी एकच हात

हा नियम मोडण्याजोगा नाही. मशीन चालू असताना तीच फाइल दुसऱ्या मशीनला देऊ नका, माउंट करू नका, तिच्यावर रिसाइझ किंवा स्नॅपशॉट चालवू नका. दोन सिस्टिम एकाच वेळी लिहू लागल्या की फाइलसिस्टिमचा चुराडा होतो, आणि तो लगेच दिसत नाही.

क्यूएमू २.१० पासून फाइलला कुलूप लागतं. 'फेल्ड टू गेट "राइट" लॉक' असा एरर दिसला तर तो तुमच्या बाजूने आहे, मशीन कुठेतरी चालू आहे असं तो सांगतोय. पीएस ने ते शोधा. चालू मशीनच्या फाइलची नुसती माहिती हवी असेल तर इन्फो ला -यू जोडा, हा यू कॅपिटल. तेवढंच करा. कुलूप चुकवायच्या आणखी युक्त्या सापडतील, त्यांच्या नादी लागू नका.

६. एक पाया, अनेक मशीन्स

मला क्यूकाऊ२ आवडण्याचं मुख्य कारण हे. एकदा स्वच्छ इन्स्टॉल केलेली डिस्क पाया म्हणून ठेवायची आणि तिच्यावर पातळ थर चढवत जायचे. वाचताना न बदललेलं पायातून येतं, लिहिलेलं फक्त थरात जातं.

क्यूएमू-आयएमजी क्रिएट -एफ क्यूकाऊ२ -बी मूळ.क्यूकाऊ२ -एफ क्यूकाऊ२ प्रयोग.क्यूकाऊ२

यात पहिला एफ स्मॉल, तो नव्या फाइलचा फॉरमॅट. दुसरा एफ कॅपिटल, तो पायाचा फॉरमॅट. जुन्या लेखांमध्ये हा दुसरा एफ नसतो, पण क्यूएमू ६.१ पासून तो दिल्याशिवाय कमांड चालतच नाही. शेवटी आकार दिलेला नाही, तो पायावरून घेतला जातो.

काही सेकंदांत नवं मशीन तयार. त्यात हवा तो धुडगूस घाला, मग थर उडवा, नवा बनवा. थराचीही गरज नसेल तर मशीन सुरू करताना -स्नॅपशॉट ऑप्शन द्या. सगळे बदल तात्पुरत्या फाइलमध्ये जातात आणि मशीन बंद होताच नाहीसे होतात.

आता खाचखळगे, आणि इथे ते बरेच आहेत.

पायावर थर चढला की पायाला पुन्हा हात लावायचा नाही. 'जरा अपडेट करून घेतो' म्हणून पाया बूट केलात तरी संपलं. बूट होतानाही आतली सिस्टिम लिहिते, आणि वरच्या थरांचा पायाशी मेळ तुटतो. क्यूएमू याची कुठे नोंद ठेवत नाही. एररही येत नाही, फक्त थरातली फाइलसिस्टिम आतून सडते. म्हणून पाया तयार झाला की लगेच सीएचमॉड ४४४ करून टाका.

दुसरं, पाया हलवला की थर त्याला शोधू शकत नाहीत. पायाचा पत्ता थराच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. सापेक्ष पत्ता असेल तर तो थराची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजला जातो, तुम्ही टर्मिनलमध्ये कुठे उभे आहात तिथून नाही. पाया खरोखर हलवायचाच असेल तर रीबेस ला स्मॉल -यू देऊन नवा पत्ता लिहिता येतो. पण त्यात क्यूएमू कसलीही तपासणी करत नाही, नुसता पत्ता खोडून दुसरा लिहितं. पाया तोच असेल, जागा फक्त बदलली असेल, तरच ते वापरा.

तिसरं, कुठलीही क्यूकाऊ२ फाइल डिलीट करण्याआधी कोण कोणावर उभं आहे ते बघा. क्यूएमू-आयएमजी इन्फो --बॅकिंग-चेन ही कमांड थरापासून पायापर्यंतची सगळी साखळी दाखवते. पण ती वरून खालीच बघते. एखाद्या पायावर किती थर आहेत हे पायाला स्वतःला ठाऊक नसतं. म्हणून नावंच अशी द्या की नातं कळेल, किंवा सगळे पाये एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

थरातले बदल कायमचे ठेवायचे तर दोन वाटा आहेत. कमिट केलं की थर पायात मुरतो, पण त्या पायावरचे इतर थर गेलेच समजा. कन्व्हर्ट केलं की पाया आणि थर मिळून एक नवी स्वतंत्र फाइल होते, जुन्याला धक्का लागत नाही. जागा असेल तर मी कायम दुसरी वाट घेतो.

७. स्नॅपशॉट

फाइलच्या पोटातच स्नॅपशॉट ठेवता येतो: क्यूएमू-आयएमजी स्नॅपशॉट -सी अपडेटआधी प्रयोग.क्यूकाऊ२. -एल यादी दाखवतो, -ए त्या स्थितीला परत नेतो, -डी काढून टाकतो, सगळी स्मॉल अक्षरं. मशीन बंद असतानाच. -ए दिल्यावर त्यानंतरचं सगळं काम जातं आणि कमांड 'नक्की ना?' असं विचारत नाही. छोट्या गोष्टींना हे ठीक आहे, मोठ्या प्रयोगाला थर बरा. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच फाइलमध्ये असतो.

८. जागा वाढवणं

मशीन बंद करा, फाइलची प्रत घ्या, आणि:

क्यूएमू-आयएमजी रिसाइझ प्रयोग.क्यूकाऊ२ +१०जी

मशीन सुरू केलंत तर आत जागा होती तेवढीच दिसेल. कारण डिस्क वाढली, पण तिच्यावरचं पार्टिशन आणि पार्टिशनमधली फाइलसिस्टिम जुन्याच मापाची आहे. तिन्ही क्रमाने वाढवायची. आत जाऊन ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए १ (व्हीडीए आणि १ यांच्यात स्पेस हवी), मग एक्सट४ असेल तर रिसाइझ२एफएस /डेव्ह/व्हीडीए१ (इथे स्पेस नको), एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस आणि माउंट केलेली जागा. एलव्हीएम असेल तर मध्ये पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्सटेंड येतात.

ग्रोपार्ट नकार देत असेल तर एलएसबीएलके चालवून बघा. बहुधा रूट पार्टिशनच्या लगेच पुढे स्वॅप पार्टिशन आडवं पडलेलं असतं. स्वॅप बंद करून ते काढा, रूट वाढवा, स्वॅपची फाइल बनवा, आणि एफएसटॅबमधली जुनी स्वॅपची ओळ काढा. ती राहिली तर पुढचं बूट रखडतं.

डिस्क लहान करायच्या फंदात पडू नका. --श्रिंक दिलं की क्यूएमू शेपटाकडचा भाग कापतं, तिथे डेटा आहे का हे बघत नाही. नवी लहान डिस्क बनवून फायली तिकडे नेणं जास्त सोपं.

९. फुगलेली फाइल

आत ८ जीबी डिलीट केलं तरी बाहेरची फाइल तेवढीच राहते. आतल्या सिस्टिमने 'ही जागा मोकळी' असं बाहेर कळवलेलंच नसतं. ड्राइव्हच्या ओळीत 'डिस्कार्ड=अनमॅप' जोडा आणि आत एफएसट्रिम -एव्ही चालवा. डीयू ने आधी आणि नंतर मोजा, एलएस ने नको.

१०. फॉरमॅट बदलणं

क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट -पी -ओ क्यूकाऊ२ जुनी.व्हीएमडीके नवी.क्यूकाऊ२

यातला ओ कॅपिटल. स्मॉल ओ वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. -पी प्रगती दाखवतो, मोठ्या फाइलला तो लागतोच. व्हीडीआय, व्हीएचडीएक्स हेही चालतात. जुन्या व्हीएचडीला मात्र क्यूएमू 'व्हीपीसी' म्हणतं, 'व्हीएचडी' लिहिलं तर फॉरमॅट माहीत नाही असं उत्तर येतं. कन्व्हर्ट करताना पोटातले स्नॅपशॉट नव्या फाइलमध्ये येत नाहीत. आणि दुसरीकडून आणलेलं विंडोज व्हर्टिओवर बूट होत नसेल तर पहिल्यांदा 'इफ=आयडीई' देऊन बघा.

११. मशीन न चालवता आतली फाइल काढणं

सुडो मॉडप्रोब एनबीडी मॅक्स_पार्ट=८
सुडो क्यूएमू-एनबीडी -आर -सी /डेव्ह/एनबीडी० मूळ.क्यूकाऊ२
सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एनबीडी०पी१ /एमएनटी

यात डिस्कची फाइल होस्टला /डेव्ह/एनबीडी० या नावाची डिस्क म्हणून जोडली जाते. -आर म्हणजे फक्त वाचायला. काम झालं की यूमाउंट, आणि मग क्यूएमू-एनबीडी -डी /डेव्ह/एनबीडी०. दुसरी पायरी बरेचजण विसरतात, आणि नंतर मशीन सुरू करताना कुलपाचा एरर बघून बुचकळ्यात पडतात. कुठून तरी उतरवलेली, भरवसा नसलेली इमेज असेल तर अशी माउंट करू नका. तिच्यातली मुद्दाम बिघडवलेली फाइलसिस्टिम थेट तुमच्या कर्नलपुढे येते. त्यासाठी लिबगेस्टएफएसचं गेस्टमाउंट वापरा.

१२. तपासणी आणि बॅकअप

वीज गेली किंवा होस्ट अचानक बंद पडला तर मशीन पुन्हा सुरू करण्याआधी क्यूएमू-आयएमजी चेक चालवा. 'लीक्ड क्लस्टर्स' म्हणजे थोडी जागा वाया गेली, डेटा शाबूत आहे; -आर लीक्स ने ती परत मिळते. 'करप्शन' दिसलं तर मात्र थांबा. आधी फाइलची प्रत घ्या आणि -आर ऑल त्या प्रतीवर चालवा.

बॅकअपसाठी मशीन बंद करून सीपी --स्पार्स=ऑलवेज, दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं तर आरसिंकला कॅपिटल एस. थर असेल तर पायाही सोबत न्यायचा, आणि सुरू करण्याची स्क्रिप्टही. प्रत दुसऱ्या डिस्कवर पोचली की क्यूएमू-आयएमजी कम्पेअर ला दोन्ही फायली द्या. 'इमेजेस आर आयडेंटिकल' असं उत्तर आलं, की मगच मूळ फाइलवर नवे प्रयोग सुरू करा.